भुईचाफ्याचा नकाशा

रिकामी कुंडी विकली म्हणून भांडायला आलेली गिऱ्हाइकं मी बरीच पाहिली. त्यातल्या एक बाई कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. फेब्रुवारीत कुंडी स्कूटीवर पायाशी ठेवून थेट नर्सरीत आल्या आणि म्हणाल्या, "दीदी, आपने तो मिट्टी बेच दी." मी त्यांना सांगितलं, उन्हात ठेवा, पाणी घालू नका, एप्रिलपर्यंत विसरून जा. तणतणत गेल्या. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा आवाज एकदम खाली उतरला होता. "दीदी, इसमें से फूल निकला है. न पत्ता, न डंडी. कल शाम तक कुछ नहीं था. ये ठीक है ना?"

ठीक आहे, म्हटलं. भुईचाफा असाच येतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हे मूळचं जंगलातलं झाड. मंडला-डिंडोरीकडच्या सालाच्या रानात अजून सापडतं. पावसाळ्यात त्याला हातभर पानं येतात, वरून हिरवी-रुपेरी, खालून जांभळी. थंडी पडली की ती पिवळी होऊन नाहीशी होतात. मग जमिनीखाली आल्यासारखी गाठ आणि तिला लोंबणारे बोराएवढे कंद, एवढंच उरतं. वर काहीच नाही. तीन-चार महिने तुम्ही त्या जागेवरून चालता, खाट टाकता, विसरून जाता. आणि चैत्रात एका सकाळी कोरड्या भुईला चीर पडून तिथे फूल असतं. पांढऱ्या पाकळ्या, खालच्या दोन जांभळ्या, वास मंद पण लांब जाणारा. देठ दिसतच नाही. कुणीतरी आणून ठेवल्यासारखं ते मातीवर असतं. संध्याकाळपर्यंत मलूल होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे दुसरं.

हल्ली हौशी लोक तो मागून नेतात, कुंडीत लावतात, फोटो काढतात. माझी उमर या धंद्यात गेली. तरी पहिलं फूल दिसलं की मी अजून क्षणभर थबकते.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडे बागकामाच्या टिपा मागितल्या होत्या. टिपा माझी मुलगी देईल, पनागर रोडवरची नर्सरी आता तीच पाहते. माझे वडील भंडाऱ्याहून इथे जबलपूरला फॅक्टरीत नोकरीला आले, त्यांची इच्छा मी सरकारी नोकरी करावी अशी होती. मी वाटाण्याच्या शेतांमधला एक तुकडा घेऊन रोपं विकत बसले. वडील बरीच वर्षं लोकांना सांगत, मुलगी शेती खात्यात आहे. असो. मी सांगणार आहे ती वझलवार काकांच्या घरची गोष्ट. काकांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, लिहा, पण फुलांचं बरोबर लिहा.

वझलवार काका भूमापन खात्यात होते. ग्वारीघाट रोडला त्यांचं बैठं घर, चारी बाजूंनी मोकळं आवार. तरुणपणी त्यांचे मोजणीचे कँप डिंडोरीच्या जंगलात पडायचे आणि शरयूकाकू त्यांच्याबरोबर तंबूत राहायच्या. एका चैत्रात काकू सकाळी उठल्या तर तंबूच्या आत, त्यांच्या खाटेच्या पायाशी, भुईचाफा उगवलेला. काकू घाबरून बाहेर पळाल्या होत्या. मग तीच गाठ खणून त्यांनी पदरात बांधली आणि जबलपूरला आणून आवारातल्या वाफ्यात लावली. माझ्या नर्सरीतला सगळा भुईचाफा त्या एका गाठीचा. काकूंनीच मला पहिल्या गाठी दिल्या होत्या.

पुढे काकूंना लकवा झाला. डावी बाजू गेली आणि वाणीही जवळजवळ गेली. हळूहळू काठीच्या आधाराने बाथरूमपर्यंत जाऊ लागल्या होत्या, पण मग तेही सोडलं आणि पलंग धरला. त्यांची खोली मागच्या व्हरांड्याला लागून. काका समोरच्या खोलीत झोपायला गेले होते. मी भेटायला गेले की काका दारापर्यंत येत आणि तिथूनच परत फिरत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी गेलो का ती भिंतीकडे तोंड करते. डॉक्टर म्हणतात आजारात होतं असं. पण ती मुन्नीकडे पाहते. तुमच्याकडे पाहते."

मुन्नी दीदी म्हणजे काकूंचं सगळं करणारी बाई. सकाळी यायची, बारापर्यंत अंघोळ-जेवण उरकून जायची, पुन्हा चारला यायची. मधल्या वेळात काका कानातलं मशीन काढून समोरच्या खोलीत झोपत.

काकूंच्या शेवटच्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा त्यांनी उजव्या हाताने बाहेर वाफ्याकडे बोट दाखवलं. मला कळलं. पानं वाळली होती, गाठी काढायची वेळ झाली होती. मी सगळा वाफा खणला, गाठी सुटसुटीत केल्या, टोपलीत कोरड्या वाळूत घातल्या. टोपली कुठे ठेवू विचारलं तर त्यांनी पलंगाखाली दाखवलं. मला वाटलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना द्यायच्या असतील. त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक विचारलं होतं. ते तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही, म्हणून ते पुढे सांगते.

काकू श्रावणात गेल्या. त्या पावसाळ्यात आवाराकडे कुणी बघितलं नाही, कंबरभर गवत वाढलं. दिवाळीनंतर काकांनी माणूस लावून सगळं छाटलं, पालापाचोळा जाळला. घराभोवती नुसती काळी भुई उरली.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मेश्रामबाई, फुलं चालत येऊन राहिली."

मला वाटलं, काकांना भ्रम झाला. गेले. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. काका आवारात टोपी घालून उभे. मागच्या व्हरांड्याच्या पायरीपाशी एक फूल होतं, दुसरं बरंच दूर, नळाजवळ. जुना वाफा आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि मी तो स्वतः रिकामा केलेला. या जागी कुणी कधी काही लावलेलं नव्हतं. माती तर अशी टणक की बोट रुतत नव्हतं, आणि त्या मातीवर ते ओलं, टवटवीत फूल.

काकांनी मला आत बसवलं आणि एक कागद पुढे केला. आवाराचा नकाशा होता, मोजून काढलेला. घर, नळ, पेरूचं झाड, कुंपण. त्यावर पेन्सिलीची चार-पाच छोटी वर्तुळं. ते रोज सकाळी टेप घेऊन फिरत आणि उमललेलं फूल कागदावर टिपत. म्हणाले, दुपारनंतर ते गळतं, जागा विसरायला होते, म्हणून.

"एक सांगा," त्यांनी विचारलं. "या गाठी जमिनीतून सरकतात का?"

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला कारण द्यावं लागतं. कारण मिळालं की माणूस शांत होतो. मी म्हटलं, सरकत नाहीत, पण घूस नेते ओढून. घुशी कंद नेऊन ठिकठिकाणी पुरतात. काकांनी मान हलवली आणि कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं: घूस. मला बरं वाटलं नाही. गेटपर्यंत येताना मी आवारात एकही बीळ पाहिलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोन. "घुशी अशा रांगेत लावत नाहीत," काका म्हणाले, आणि ठेवून दिला.

मी गेले तेव्हा चार वाजून गेले होते, मुन्नी दीदी चहा करत होती. आवारात त्या दिवशी दोनच फुलं होती, दोन टोकांना. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नव्हता. काकांनी टेबलावर नकाशा पसरला आणि मी पाहतच राहिले. रोजचं एक-एक, दोन-दोन फूल कागदावर साठत गेलं होतं आणि त्याची वाट झाली होती. मागच्या व्हरांड्याच्या पायरीपासून निघून ती नळाकडे गेली होती. सुरुवातीला वर्तुळं अगदी जवळजवळ, वीतभर अंतराची. नळाशी तीन-चारांचा पुंजका, थांबून दम घेतल्यासारखा. मग पेरूच्या झाडापर्यंत थोडी लांब अंतरं, तिथे पुन्हा पुंजका. तिथून वाट घराच्या कोपऱ्याला वळसा घालून पुढच्या अंगाला आली होती आणि एका खिडकीखाली संपली होती. तिथे वर्तुळांवर वर्तुळं पडली होती, कागद काळा झाला होता.

ती समोरच्या खोलीची खिडकी होती. आम्ही बसलो होतो त्याच खोलीची. आत खिडकीला लागूनच काकांचा पलंग.

मुन्नी दीदी चहा घेऊन आत आली होती, तीही कागदाकडे पाहत होती. बाहेर कुठलंसं वाळकं पान घासत गेलं आणि आम्ही तिघांनीही खिडकीकडे पाहिलं.

मुन्नी दीदी आधी बोलली. होऊच शकत नाही, म्हणाली. अम्मा पलंगावरून उठत नव्हत्या, रोज मीच पुसत होते त्यांना, तळवे लहान मुलासारखे साफ. मी तिला नखांचं विचारलं. मग म्हणाली, "नाखून में मिट्टी रहती थी. मैं सोचती थी, वो टोकरी में हाथ डालती हैं."

काका उठले. मागच्या दारापाशी त्यांच्या रबरी चपला होत्या, बागेत जायच्या. त्या चपलांकडे पाहत ते सांगू लागले की त्या हिवाळ्यात चपला कधी जागेवर नसायच्या. एक इकडे, एक तिकडे, मातीने भरलेल्या. "मी मुन्नीवर चिडत होतो," ते म्हणाले. "रोज चिडत होतो."

आम्ही पलंगाखालून टोपली ओढली. काकू गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. वाळू तशीच होती आणि तळाशी थोड्या गाठी उरल्या होत्या, सुकून खडा झालेल्या. म्हणजे लावता लावता त्या मधेच थांबल्या होत्या. काकूंच्या काठीला खाली लोखंडी टोपण होतं. त्या टोपणात माती घट्ट बसलेली होती. हिवाळ्यात भुई मऊ असते. काठी टेकली की भोक पडतं, त्यात गाठ टाकायची, पायाने दाबायची. वाकावंही लागत नाही. अशा सुट्या करून हलवलेल्या गाठी पहिल्या चैत्रात फुलत नाहीत, म्हणून काकू असताना कुणाला काही दिसलं नव्हतं. हे सगळं मला दिसत होतं, आणि काकांचा चेहरा पालटत चालला होता.

ते खिडकीपाशी गेले. गजांना हात लावला.

"त्या थंडीत माकडं फार येत," ते म्हणाले. "पेरूसाठी. दुपारी मला इथं सळसळ झाल्यासारखी वाटे. मशीन काढलेलं, नीट ऐकू येत नसे, पण कुणीतरी आहे असं वाटे. खिडकी बंद, पडदा लावलेला. मी पडल्या पडल्या काठी घेऊन गजांवर मारत होतो. हट, भाग इथून, असं ओरडत होतो." त्यांनी गजांवरून हात काढून घेतला. "किती वेळा ओरडलो, आठवत नाही. मग एक दिवस सळसळ बंद झाली. मला वाटलं, माकडं गेली."

काकूंनी मला विचारलेली गोष्ट मी तेव्हा त्यांना सांगितली. सांगू नये असं वाटत होतं, पण घुशीचं खोटं बोलून झालं होतं, आता दुसरं बोलवेना. टोपली पलंगाखाली सरकवताना काकूंनी माझा हात धरला होता. एकेक शब्द जुळवून त्या म्हणाल्या होत्या, "हे... दुपारी... कुठं?" मी मातीचे हात झटकत म्हटलं होतं, काका समोरच्या खोलीत असतात, पलंग खिडकीशी घेतला आहे. आणि नळावर हात धुवायला गेले होते. काकांना उठवून पाच मिनिटं काकूंजवळ आणून बसवणं काही अवघड नव्हतं. मला पनागरला एक गाडी माल पोचवायचा होता.

काकू भिंतीकडे तोंड का करत होत्या, ते आम्हाला कधीच कळणार नाही. वाकडं झालेलं तोंड नवऱ्याला दाखवायचं नसेल. मुन्नीला तसं वाटतं. मला वाटतं, त्यांना स्वतःच्या पायांनी त्याच्यापर्यंत जायचं होतं. काकांनी रबर घेतला आणि नकाशाच्या कोपऱ्यातला घूस हा शब्द खोडला.

त्यानंतर मी त्या घरी जायचं टाळलं, हे कबूल करते. फोन केले, रोपं पाठवली. पण पावसाळ्यात त्या आवारात पानं फुटली असतील, आता तणात लपली नसतील, वाट हिरवी उभी असेल, या विचाराने पाय उचलत नव्हता.

गेल्या चैत्रात मुन्नी दीदीचा फोन आला. बाबूजी दुपारी झोपत नाहीत, म्हणाली. उन्हात जाऊन उभे राहतात. तुम्ही या, तुमचं ऐकतात.

मी दुपारी दीडच्या सुमारास पोचले. वाटेत गेटपाशीच वास आला. फुलं वाढली होती. एकेका गाठीच्या आता दोन-तीन झाल्या होत्या, आणि पायरीपासून पेरूपर्यंतची वाट नकाशाशिवायही दिसत होती. मी तिच्या कडेकडेने चालत गेले. पाऊल चुकून फुलावर पडू नये एवढंच नाही, मला त्या वाटेवर पाय ठेवायचाच नव्हता.

काका खिडकीखाली उभे होते, पाठ उन्हाकडे, तोंड भिंतीकडे. त्यांच्या पायांभोवती फुलंच फुलं होती आणि ते त्यांतून नेमकी दोन पावलं मावतील एवढी जागा काढून उभे होते. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही.

"इथून आतलं काही दिसत नाही," ते म्हणाले. "मी मोजून पाहिलं. शरयू माझ्या खांद्याला लागायची. गजांपर्यंत तिची नजर पोचतच नव्हती. आणि पडदा असायचा."

मी म्हटलं, काका, आत चला, ऊन लागेल.

"मग ती इथं येऊन काय करत होती, मेश्रामबाई? दिसत नव्हतं तर?" ते पुढे म्हणाले, "ऐकत असेल. मी घोरतो. एक काम करा माझं. आत जाऊन त्या पलंगावर पडा. खिडकी लावून घ्या, पडदा ओढा. मला पाहायचं आहे, इथे काय ऐकू येतं."

अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला समजावून आत न्यावं. मी तसं केलं नाही. आत गेले, खिडकी लावली, पडदा ओढला, चपला काढून काकांच्या पलंगावर आडवी झाले. खोलीत एकदम काळोखल्यासारखं झालं. छताचा पंखा बंद होता. मी काय आवाज करायचा ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून नुसती श्वास घेत पडून राहिले. थोड्या वेळाने श्वाससुद्धा मला मोठा वाटू लागला.

मग बाहेर सळसळ झाली.

ते काका आहेत हे मला ठाऊक होतं. काठी सरकवली असेल, पाय बदलला असेल. तरी अंगावर काटा आला. आवाज भिंतीच्या अगदी जवळ होता, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, आणि तो माणसाचा वाटत नव्हता. काहीतरी आत यायला जागा शोधत आहे असं वाटत होतं. माझा हात आपोआप वर गेला. पलंगाशी काकांची जुनी काठी टेकलेली होती, तिच्यावर बोटं पडली. घशात हट हा शब्द तयार होता. काकांवर माझा मनात कुठेतरी राग होता, तो त्या क्षणी गेला. त्या पलंगावर पडलेल्या कुणीही तेच केलं असतं.

मी काठी सोडली. आणि काय बोलते आहे हे कळायच्या आत मोठ्याने म्हटलं, "या ना काकू. आत या."

बाहेरचा आवाज थांबला. मग मी उठले, चपला न घालताच घराला वळसा घालून गेले. काका भिंतीला दोन्ही तळहात टेकून उभे होते. रडत नव्हते. कान भिंतीकडे होता.

"काय म्हटलं तुम्ही आतून?"

मी म्हटलं, काही नाही काका, असंच.

"नाही. ऐकू आलं मला. मशीन काढून ठेवलं होतं तरी ऐकू आलं." त्यांनी भिंतीवरचे हात काढले नाहीत. "अजून एकदा म्हणा."

मी आत गेले, पलंगावर पडले आणि पुन्हा म्हटलं.